किती पावलं?

माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. तिच्यात विमान उतरवल्याच्या नोंदी आहेत. तारीख, वारा कुठल्या दिशेचा, आणि पावलं. विमान म्हणजे रिमोटवर उडणारं, सव्वा मीटर पंखांचं, काखेत धरून आणता येणारं. आणि पावलं म्हणजे ते जमिनीला टेकल्यावर मी उभा होतो तिथून त्याच्यापर्यंत किती चालावं लागलं ते. पहिली नोंद '212, उसात' अशी आहे. दुसरी '160, बांधावर, प्रॉपेलर मोडला'. तिसऱ्या नोंदीत आकडाच नाही, नुसतं 'बाभळ' लिहिलंय.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हा उद्योग कुठून सुचला, असं ओळखीच्या प्रत्येकाने विचारून झालंय. सुचला नाही, घरात पडून होता. थोरल्याने डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी, 2023 साली, हे विमान बनवलं. फोमच्या शीटचे पंख, बांबूची काडी, आणि शेपटी निवडणूक संपल्यावर उरलेल्या प्लास्टिकच्या फलकाची. त्या शेपटीवर एका उमेदवाराची अर्धी मिशी आणि जोडलेल्या हातांची चार बोटं अजून दिसतात. परीक्षा झाली, तो भोसरीला नोकरीला गेला, विमान कपाटावर चढलं आणि त्यावर अम्मीने रजया ठेवल्या.

2024 च्या दिवाळीच्या सुमारास तो परत आला. बॅग घेऊन, अख्ख्या सामानासकट. कारण विचारलं तर म्हणाला, "कुछ नहीं, छोड दिया." मी शाळामास्तर आहे, विज्ञान-गणित शिकवतो. 'कुछ नहीं' हे उत्तर मला वहीतसुद्धा चालत नाही. तीन-चार दिवस घरात आवाज चढले आणि मग एकदम बंद झाले. जेवताना तो ताटाकडे बघायचा, मी टीव्हीकडे. एका रविवारी त्याने रजया खाली काढल्या, विमान पुसलं आणि मला म्हणाला, "आते क्या माळपर?" मी गेलो. घरात बसून तरी काय करणार होतो?

आमचं गाव मिरजेच्या पूर्वेला. चुलत्यांची दीड एकर मुरमाड जमीन पडीक आहे, तिला आम्ही माळ म्हणतो. एका अंगाला शेजारच्या अण्णांचा ऊस, दुसऱ्या अंगाला विहिरीकडे जाणाऱ्या विजेच्या तारा, मागे दोन बाभळी. उडवायला आभाळ पुष्कळ आहे. उतरवायला जागा तेवढीच.

अम्मीला ते अजिबात पटलं नव्हतं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्रीचे ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागत होती. पोलीस लोकांना घाबरू नका म्हणून सांगत होते, आणि मोबाइलवर लुकलुकणाऱ्या दिव्यांचे व्हिडिओ आमच्याकडेही येत होते. अम्मी मला म्हणाली, "नाम देख अपना, और उडाता क्या देख." मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी थोरल्याला घेऊन पोलीस पाटलांकडे गेलो आणि ठाण्यातही एक साधा अर्ज देऊन आलो. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारी नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. हिरव्यात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. आमचा माळ हिरव्यात होता. थोरल्याचं म्हणणं अर्जाची गरजच नव्हती. त्याचं बरोबर होतं. तरीही मी अर्जाची पोच घेतली आणि अजूनही ती रिमोटच्या पिशवीत असते. हे मी का केलं ते इथल्या अर्ध्या वाचकांना सांगायला नको, आणि उरलेल्या अर्ध्यांना सांगून लगेच कळेल असं नाही.

विमान हरवलं तर सापडावं म्हणून पंखावर नाव आणि फोन नंबर लिहितात. मी मार्कर घेऊन बसलो, नंबर लिहिला आणि थांबलो. दुसऱ्याच्या रानात पडलं, कुणी उचललं, वर नाव वाचलं तर? मग वाटलं, नंबर पुरे. थोरला शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही.

उड्डाण फार सोपं. खोटं सांगत नाही. हातात धरायचं, मोटरला पूर्ण गती द्यायची, वाऱ्याच्या तोंडावर सरळ फेकायचं, ते चढतं. पंख वरच्या बाजूला आणि दोन्ही टोकं जरा उचललेली असली की विमान हवेत आपलं आपण सरळ राहायला बघतं. शिकाऊ माणसासाठी म्हणूनच तसा आकार घेतात. पहिले दोन रविवार मी वर गोल गोल फिरवत राहिलो आणि मला वाटलं, जमलं की! मग थोरल्याने मोबाइलवर लावलेला सहा मिनिटांचा गजर वाजला. बॅटरी तेवढीच. आता उतरायचं होतं, आणि मी रिमोट त्याच्या हातात दिला. असं पाच-सहा वेळा झालं. सातव्या वेळी त्याने हात मागे घेतले.

उतरवताना पहिली अडचण डाव्या-उजव्याची येते. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर त्याचा उजवा तो आपला उजवा. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलटं होतं. बुद्धीला हे एका सेकंदात कळतं. अंगठ्याला कळायला मला दोन महिने लागले. विमान डावीकडे कललं म्हणून मी घाईने उजवीकडे दांडी ढकलायचो आणि ते आणखी कलायचं. थोरल्याने एक युक्ती सांगितली, "जो पंख झुका, उधर दांडी." येणाऱ्या विमानाचा जो पंख तुमच्या डोळ्यांना खाली दिसतो, त्याच बाजूला दांडी न्यायची, जणू त्याला खालून टेका देतोय. डावं-उजवं म्हणायचंच नाही. मी इतकी वर्षं पोरांना आरशातली प्रतिमा शिकवतोय आणि हे मला सुचलं नव्हतं.

दुसरी अडचण जास्त वाईट, कारण तिथे मन फसवतं. विमान खाली येतंय, माळ अजून लांब आहे, ऊस जवळ आलाय. अशा वेळी हात आपोआप नाक वर उचलतो. वर पाहिजे ना, मग वर कर! नाक उचललं की विमान क्षणभर तरंगतं, त्याचा वेग मरतो, पंखांवरून हवा नीट वाहत नाही, आणि मग एक पंख सोडून देतं. ते पडतं ते दगडासारखं. थोरला सांगायचा, "उंची मोटरसे, गती नाकसे." म्हणजे विमान कमी पडतंय असं वाटलं तर मोटरची गती थोडी वाढवा, नाकाला हात लावू नका. वेग कमी वाटला तर नाक खाली करा. जमीन जवळ आलेली असताना नाक खाली करायचं, याला काळीज लागतं.

आणि वारा. वारा पाठीवर घेऊन विमान आपल्या समोरून जातं तेव्हा भरधाव वाटतं. जमिनीच्या हिशेबाने ते खरंच भरधाव असतं, पण पंखांना जमिनीशी घेणंदेणं नसतं, त्यांना फक्त हवेतला वेग कळतो. मी दर वेळी तिथे घाबरून गती कमी करायचो आणि वळणावर ते कोसळायचं. वारा कळावा म्हणून थोरल्याने अम्मीच्या जुन्या ओढणीची पट्टी काठीला बांधून माळावर रोवली होती. अम्मीने ती एकदा रस्त्यावरून जाताना ओळखली. दोन दिवस बोलली नाही.

शाळेत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. आमच्या शिक्षककक्षात विमानाचा विषय निघाला की दोन फॉरवर्ड ठरलेले. एक सहकारी शिवकर बापूजी तळपद्यांचा पाठवतात, 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं तो. दुसरा माझ्या मामेभावांच्या ग्रुपवरून येतो, अब्बास इब्न फिरनासचा, पहिला मुसलमान वैमानिक, नवव्या शतकातला. तळपद्यांच्या उड्डाणाला भक्कम पुरावा नाही. इब्न फिरनासची कथाही मुख्यत्वे येते ती सतराव्या शतकातल्या अल-मक्करी या इतिहासकाराकडून, म्हणजे घटनेनंतर सुमारे साडेसातशे वर्षांनी. त्याने जुन्या कवीचा दाखला दिलाय, इतकंच. त्यामुळे छाती फुगवण्यात मला दोन्हीकडे रस नाही. चंद्राच्या पलीकडच्या बाजूच्या एका विवराला इब्न फिरनासचं नाव आहे, तेवढा मान त्याला पुरे.

पण अल-मक्करीने एक गोष्ट सांगितलीय, ती फॉरवर्ड करणारे गाळतात. इ.स. 875 च्या सुमाराला, साठी ओलांडलेला इब्न फिरनास कुर्तुब्यात अंगाला पिसं लावून उडाला, बरंच अंतर गेला, आणि उतरताना पाठ मोडून घेतली. का? तर पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्याने शेपटी लावलीच नव्हती. कथा खरी असो नसो, सांगणाऱ्याला उतरण्याचं दुखणं नेमकं माहीत होतं. मी कबुतरं बघायला लागलो. दर्ग्याच्या कठड्यावर उतरताना कबुतर शेवटच्या हातभर अंतरात शेपटी पसरून खाली दाबतं, अंग उभं करतं, आणि वेग संपतो तिथेच पाय टेकतात. आमच्या विमानात हेच काम उमेदवाराच्या अर्ध्या मिशीखालची ती हलणारी पट्टी करते. जमीन गुडघाभर राहिली की मोटर बंद आणि नाक किंचित वर. किंचित. आधी केलं तर वर सांगितलं तसं पडतं, उशिरा केलं तर नाक मुरमात.

आता ती 212 पावलांची हकीकत. मी आडव्या वाऱ्यात उतरवायला गेलो, विमान सरकत सरकत अण्णांच्या उसात शिरलं. बारा महिन्यांचा ऊस, कारखान्याच्या टोळीची वाट बघत उभा. आत शिरलं की हातभर पुढचं दिसत नाही, पात्यांनी हात आणि कानाच्या पाळ्या चिरतात. मोटरची दांडी शून्यावर ठेवून थोरला दुसरी दांडी हलवत राहिला आणि मी आत उभा राहून शेपटीच्या छोट्या मोटरची किरकिर ऐकत होतो. ऐकू आली ती अण्णांची हाक. त्यांच्या पोराने विमान आधीच बांधावर काढून ठेवलं होतं.

मी उसातून बाहेर आलो तेव्हा माझ्या डोक्यात अर्जाची पोच, पोलीस पाटील, अम्मीचं वाक्य, सगळं एकदम होतं. अण्णा भडकलेले होतेच. म्हणाले, "मास्तर, इमान पडू दे न्हाईतर काय बी पडू दे, पर लॅटरल तुडवत का जाताय? फुटली तर पाणी कुठं जातंय कळत न्हाई." ठिबकची नळी! मी दहा मिनिटं ठिबकच्या नळीवरून ओरडा खाल्ला आणि मनातून इतका हलका झालो की काय सांगू. एका ठिकाणी खरंच फुटली होती, तिचा जोड मी दुसऱ्या दिवशी आणून दिला. जाताना अण्णा म्हणाले, "आणि पंखावर नाव तरी घालायचं. नुसता नंबर बघून पोरगं भ्यालं, म्हणलं कुणाचं काय पडलंय."

घरी येऊन मी मार्करने नाव लिहिलं. आडनावासकट, पुढे 'मास्तर'.

मग डिसेंबर-जानेवारी असाच गेला. फजर झाली की आम्ही निघायचो, कारण नऊनंतर माळावर वारा उठतो. प्रॉपेलर किती मोडले ते मोजलं नाही. एकदा घाईत पंख झटपट चिकटणाऱ्या डिंकाने जोडायला गेलो आणि फोम डोळ्यांदेखत विरघळला. विज्ञानाचा शिक्षक! त्यानंतर बंदुकीतला गरम डिंक, तोही बेताने.

थोरला शिकवताना आवाज चढवत नव्हता. हे मला फार टोचायचं, कारण त्याला मी समीकरणं कशी शिकवली ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. मी अंगठा जोरात मारला की तो म्हणायचा, "थोडा. थोडा बोले तो थोडाच." एकदा एवढंच म्हणाला, "अब्बा, तुम लई सुधारते. उसकू उडने दो ना जरा." मी त्याच्याकडे बघितलं. तो आभाळाकडेच बघत होता.

माळावर एक सोय असते. दोघांचे डोळे वर असतात, एकमेकांकडे बघावं लागत नाही. जानेवारीतल्या एका सकाळी विमान वाऱ्याबरोबर लांब चाललं होतं, आणि थोरला सहज बोलावं तसं बोलला. नोकरी वाईट नव्हती. खोलीचं झालं. खोली मित्राच्या ओळखीने घेतली होती, पोलिसांच्या नोंदीसाठी आधार कार्ड दिलं तेव्हा मालकाने पूर्ण नाव वाचलं, आणि महिना संपायच्या आत सोड म्हणाला. भांडला नाही, चहासुद्धा दिला. मग पाच ठिकाणी बघितलं. फोनवर खोली रिकामी असायची, नाव सांगितलं की गेलेली असायची. तीन महिने मित्राच्या खोलीत चौथा माणूस म्हणून झोपला. रात्रपाळी करून आल्यावर झोपायला जागा नसायची. एक दिवस यंत्रावर डुलकी लागली, हात थोडक्यात वाचला. मग सोडलं.

माझ्या तोंडात एकाच वेळी दहा वाक्यं आली. मला का नाही सांगितलंस, नाव काय त्या मालकाचं, अमुक साहेबांना फोन करतो, पुण्यात आपले नातेवाईक काय मेले होते का? रिमोटवरचे दोन्ही अंगठे कडक झाले असणार, कारण विमान हेलकावे खायला लागलं.

"अब्बा, पंख देखो," तो म्हणाला.

मी पंख बघितला. डावा खाली होता, दांडी डावीकडे, थोडी. विमान सरळ झालं. ओढणीची पट्टी माझ्या पाठीमागून समोर फडफडत होती, म्हणजे ते वाऱ्याच्या तोंडावर येत होतं. उसाच्या शेंड्यांवरून आलं तेव्हा उंची जास्त होती. मी नाक दाबून खाली घालायला निघालो होतो, थोरला काही म्हणाला नाही, आणि मीच मोटर वाढवून विमान वरून पुढे जाऊ दिलं. पुन्हा एक फेरी. पुन्हा उंच. पुन्हा फेरी. गजर वाजून गेला होता. तिसऱ्या वेळी ते टेकलं, दोनदा उडी मारली आणि उभं राहिलं. मी चालत गेलो. 74.

तेवढ्या वेळात ती दहा वाक्यं कुठे गेली कळलं नाही. परत आल्यावर मी फक्त विचारलं, "अम्मीकू मालूम है?" म्हणजे त्याच्या अम्मीला, माझ्या बायकोला. "हौ," तो म्हणाला. "पयले दिनसे." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. विमान काखेत मारून आम्ही घरी आलो.

फेब्रुवारीत त्याला चाकणला काम मिळालं. राहण्याची सोय तूर्त पुन्हा मित्राकडेच. त्याच्या जाण्याआधी अण्णांचा ऊस गेला, माळाच्या त्या अंगाला एकदम उजाड झालं. उतरवायला जागा दुप्पट, पण आता रिमोट द्यायला शेजारी कुणी नव्हतं.

पहिला एकट्याचा रविवार मी टाळला. दुसऱ्या रविवारी गेलो. अण्णांचं पोरगं बांधावर येऊन बसलं होतं. वारा पश्चिमेचा होता आणि बेताचा. चार मिनिटं वर फिरवलं आणि गजराची वाट न बघता खाली आणायला घेतलं, म्हणजे दोन-तीन फेऱ्यांना बॅटरी उरली असती. पहिल्या फेरीत उंच होतं, जाऊ दिलं. पोरगं ओरडलं, "मास्तर, चुकलं!" दुसऱ्या फेरीत विमान कमी पडतंय असं दिसलं. अंगठा नाक उचलायला निघालाच होता. मोटर दिली, थोडी. बांध ओलांडला. मोटर बंद केली. गुडघाभर राहिलं तेव्हा नाक किंचित वर, आणि मुरमावर खरखर असा आवाज आला. ते आडवं झालं नाही, उलटंही नाही.

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. सलाम झाल्याबरोबर त्याने विचारलं, "कितने?"

"इकतीस."

"प्रॉपेलर?"

"साबूत."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "इतवारकू एक खोली देखने जारा मैं." ओळखीची आहे का, मालक कोण, भाडं किती, हे सगळं मला विचारायचं होतं. "जा," मी म्हणालो, "देखके आ." फोन ठेवला आणि वहीत 31 लिहिलं, वारा पश्चिमेचा.